नाशिकमध्ये कॉल डक पाळायचीयेत? मग जोडी घ्यायच्या आधी हे वाचा

कॉल डक म्हणजे बदकांमधली बँटम, म्हणजे बुटकी जात. पूर्ण वाढलेलं बदक साधारण अर्धा ते पाऊण किलोचं, गोल डोकं, आखूड रुंद चोच, बुटकं आणि भरीव अंग. मूळची हॉलंडकडची, तिथले शिकारी यांच्या आवाजावर रानबदकं खाली उतरवून जाळ्यात पकडायचे. अमेरिकन स्टँडर्डमध्ये, म्हणजे तिथल्या पाळीव पक्ष्यांच्या जातींच्या अधिकृत नोंदीत, करडा आणि पांढरा हे दोन रंग १८७४ पासून नोंदलेले आहेत म्हणजे जात जुनी आहे, कुणीतरी परवा तयार केलेली नाही.

इंग्लंड-अमेरिकेत ही बदकं भरपूर आहेत, तिकडे काही संपायला आलेली नाहीत. आपल्याकडे मात्र स्वच्छ लाईन, म्हणजे न मिसळलेला वंश, खरंच दुर्मिळ आहे. बाजारात कॉल म्हणून जे येतं त्यातलं बरंचसं मोठ्या पांढऱ्या पेकिन बदकाशी नाहीतर गावठी बदकाशी मिसळलेलं असतं, आणि जे चांगलं असतं ते फिरून फिरून एकाच घरातलं असतं. मग तिसऱ्या-चौथ्या पिढीत अंडी रिकामी निघतात, पिल्लं अंड्यातच मरतात, किंवा आकार हळूहळू वाढत जाऊन साधं पांढरं बदक उरतं. मला नवीन लोकांचे सगळ्यात जास्त प्रश्न याच टप्प्यावर येतात म्हणून हे सविस्तर लिहितेय. नोंदवही आणि एकमेकांशी नातं नसलेल्या तीन लाईन, या दोन गोष्टींची तयारी नसेल तर कितीही महाग पक्षी घ्या, जात टिकणार नाही.

१. आधी आवाज आणि जागा बघा

मादीचा आवाज मोठा असतो, अंगाच्या मानाने खूपच मोठा, त्यासाठीच तर ही जात पाळली जायची. नर घोगरा आणि हळू ओरडतो. इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याच्या रो-हाऊसमध्ये, जिथे भिंतीला भिंत लागून आहे, तिथे पहाटे पाचला चार माद्या एकदम सुरू झाल्या की शेजारी आठवड्यात दारात येतात. आधी शेजाऱ्यांशी बोला. महापालिका हद्दीत असाल तर विभागीय कार्यालयात विचारून घ्या, गावात असाल तर ग्रामपंचायतीत.

जागा: आत झोपायला दर पक्ष्याला ४ चौरस फूट, बाहेर फिरायला १० ते १५ चौरस फूट धरा. तळं लागत नाही. डोकं पूर्ण बुडवता येईल एवढं खोल पाणी मात्र रोज पाहिजेच, नाहीतर डोळे आणि नाकपुड्या साफ होत नाहीत. मोठा टब चालतो पण खाली प्लग असलेला घ्या कारण रोज उपसून ओतायचा कंटाळा येतो आणि मग पाणी सडतं. उन्हाळ्यात सडक्या चिखलातून बॉट्युलिझम होतो, मान लुळी पडते आणि पक्षी जातो. टबाचं पाणी झाडांना सोडा, खत म्हणून उत्तम.

मखमलाबाद, दिंडोरी, पिंपळगाव भागातल्या लोकांनी एक गोष्ट नीट ऐका. द्राक्षबागेत बदकं सोडली की किडे-गोगलगाई खातात हे खरं, पण बागेवर हंगामात फवारणी किती होते ते तुम्हाला माहितीये. बोर्डो, कीटकनाशकं, सगळं गवतावर आणि सरीच्या पाण्यात उतरतं. अर्ध्या-पाऊण किलोच्या पक्ष्याला त्यातलं थोडंसुद्धा खूप होतं. फवारणीच्या काळात बदकं बंद, आणि शेजारच्या बागेचं पाणी तुमच्या आवारात येत असेल तर चर काढून वळवा.

२. काय काय लागतं

- अर्धा इंची वेल्डमेश जाळी. साधी षटकोनी चिकन जाळी नको, मुंगूस आणि कुत्रं ती फाडतं आणि घूस खालून येते, म्हणून जाळी जमिनीत फूटभर गाडायची
- वरूनही जाळी, घार आणि मांजरासाठी. निफाड-सिन्नरकडे ऊस असेल तर बिबट्याचा विचार करून रात्रीची खोली पक्की बांधा, पत्रा आणि कडी
- भाताचं तूस अंथरायला, इगतपुरी-त्र्यंबककडच्या राईस मिलमधून पोत्याने मिळतं
- उबवणी यंत्र पंख्याचं, वेगळा थर्मामीटर आणि हवेतला ओलावा मोजायला हायग्रोमीटर (यंत्रावरच्या आकड्यावर विसंबू नका), इन्व्हर्टर
- एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा किचन काटा
- पायात घालायच्या रंगीत रिंगा, पिल्लांसाठी छोटे झिप टाय
- जाड पुठ्ठ्याची वही

कागदपत्रं म्हणाल तर खरेदीची पावती, पक्षी दुसऱ्या जिल्ह्यातून आणत असाल तर पशुवैद्यकीय डॉक्टरांचा आरोग्य दाखला, आणि विकणाऱ्याकडून पक्ष्यांच्या आई-बापाची लेखी माहिती. परदेशातून बॅगेत अंडी घेऊन येतो म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचं सॅनिटरी इम्पोर्ट परमिट नसताना अंडी किंवा पक्षी आणणं बेकायदा आहे आणि त्यातून रोग येतो तो वेगळाच.

३. पक्षी घेताना

फोटोवर घेऊ नका. प्रत्यक्ष जा, हातात घ्या, वजन करा. किलोच्या वर भरलं तर ते कॉल नाही, विकणारा काहीही सांगू दे. डोकं वरून आणि बाजूने दोन्हीकडून गोल दिसलं पाहिजे, चोच आखूड आणि रुंद, लांबट सपाट चोच म्हणजे मिसळ. त्यांच्या आई-बापाला बघायला मागा, आधीची पिल्लं कशी निघाली ते विचारा.

सगळ्यात नेहमीचा सापळा म्हणजे 'जोडी'. एकाच खेपेतले नर-मादी जोडी म्हणून विकले जातात म्हणजे सख्खे भाऊ-बहीण. त्यांच्या पिल्लांमध्ये इनब्रीडिंग (जवळच्या नात्यातली पैदास) थेट २५ टक्के. म्हणून नर एका घरातून आणि मादी दुसऱ्या घरातून घ्या, आणि ती दोन्ही घरं एकमेकांकडूनच पक्षी घेत नाहीत ना हेही विचारून घ्या. हा प्रश्न विचारायला लोक लाजतात, लाजू नका.

लहान पिल्लं घेत असाल तर नर-मादी ओळखायला थांबावं लागतं. साधारण दीड-दोन महिन्यांत आवाज फुटतो, मोठ्याने क्वॅक करते ती मादी. मोठ्या नराच्या शेपटीवर वर वळलेली कुरळी पिसं असतात.

अजून एक. कुणी 'जंगली बँटम' म्हणून छोटं बदक दाखवलं तर ते अडई किंवा काणूक असू शकतं. हे रानपक्षी आहेत, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली पकडणं, पाळणं, त्यांची अंडी उचलणं, सगळंच गुन्हा आहे.

४. नवीन पक्षी वेगळा, रानपक्षी लांब

नवीन आणलेला पक्षी ३० दिवस वेगळ्या जागी, वेगळं भांडं, वेगळी चप्पल, आणि खायला घालायचं ते जुन्या पक्ष्यांना आधी मग नव्याला. कंटाळवाणं आहे पण करा.

आपल्याकडे हे जास्त जपायचं कारण नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी-कादवाच्या संगमावरचं हे पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, हिवाळ्यात हजारो स्थलांतरित बदकं येतात. आपल्याला अभिमान आहेच, पण रानबदकं बर्ड फ्लूचा विषाणू स्वतः आजारी न दिसता वाहून नेऊ शकतात. देशातली पहिली साथ २००६ मध्ये आपल्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला निघाली होती आणि २०२१ मध्ये तिथे परत निघाली, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हा ऑक्टोबर ते मार्च खाण्याची आणि पाण्याची भांडी छताखाली ठेवा, नदी-कालव्याचं पाणी न उकळता देऊ नका. एकदम दोन-तीन पक्षी मेले तर उकिरड्यावर टाकू नका, हात न लावता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाईनवर कळवा.

उलट बाजूही आहे. कॉल डक उडू शकतात, वजनाने हलकी असल्याने चांगली उडतात. कॉल आणि मॅलार्ड (हिरव्या डोक्याचं रानबदक) एकाच वंशातले, आणि आपलं हळदी-कुंकू बदक त्यांचं इतकं जवळचं नातेवाईक की संकर होऊन पिल्लंसुद्धा पुढे जनतात. पाळीव बदक पळून तिकडे गेलं तर रानातल्या जातीचं नुकसान होतं. म्हणून पिसं गळून नवीन आली की दरवर्षी एका पंखाची उडायची पिसं कापायची, एकाच पंखाची, म्हणजे तोल जातो. रक्त असलेली कोवळी पिसं कापू नका. आणि हौस फिटली म्हणून तळ्यात सोडून देणं तर अजिबातच नाही.

डक प्लेगच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. एका बाटलीत खूप डोस असतात, एकट्याला परवडत नाही, आसपासच्या चार जणांनी एका दिवशी मिळून करा.

५. तीन लाईन, एक वही

इथे वेळ द्या.

समजा तुमच्याकडे १ नर आणि ६ माद्या आहेत. दिसायला पक्षी ७. पण प्रत्येक पिल्लाचा बाप तोच असल्यामुळे वंशाच्या हिशोबात ते जेमतेम साडेतीन पक्ष्यांइतकेच भरतात. हिशोब असा: नर गुणिले मादी गुणिले ४, भागिले एकूण पक्षी. २४ भागिले ७. याचा अर्थ दर पिढीला (१ भागिले या आकड्याची दुप्पट) साधारण साडेचौदा टक्के इनब्रीडिंग वाढतं. आता ३ नर आणि ६ माद्या ठेवा: ७२ भागिले ९ म्हणजे ८, आणि वाढ उतरते सव्वासहा टक्क्यांवर. फक्त दोन नर जास्त पाळले आणि एवढा फरक. नवीन लोक पैसे वाचवायला नर कमी घेतात, तिथेच चूक होते.

करायचं असं. तीन पिंजरे, तीन लाईन, नावं द्या अ, ब, क. प्रत्येकात १ नर आणि २ माद्या. त्याहून जास्त नर एकत्र ठेवले तर ते माद्यांना ओरबाडतात, मानेची पिसं जातात, कधी पाण्यात बुडवूनही मारतात. पुढच्या पिढीत मुली आईच्या लाईनमध्ये राहतात आणि मुलगे एक घर पुढे सरकतात: अ चे नर ब च्या माद्यांना, ब चे क ला, क चे अ ला. दरवेळी हाच क्रम, उलटा कधीच नाही. असं केलं की बाहेरून नवीन रक्त न आणता बरीच वर्षं जवळचं नातं टाळता येतं.

तीन पिंजरे परवडत नसतील तर तीन मित्रांनी एकेक लाईन सांभाळा. एक सिन्नरला, एक ओझरला, एक शहरात. मला तर हेच जास्त पटतं कारण एका घरी मुंगूस शिरलं किंवा रोग आला तरी बाकीच्या दोन लाईन वाचतात.

वहीत काय लिहायचं: रिंग नंबर, जन्मतारीख, बापाची रिंग, आईची रिंग, लाईन, रंग, सहा महिन्यांचं वजन, आणि एक रकाना माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, पिल्लू अंड्यातून स्वतः बाहेर आलं की मदतीने काढलं. मोबाईलमध्ये लिहिलं तरी वही ठेवा, मोबाईल बदलतो.

रंगाबद्दल थोडक्यात. पांढरा रंग लपून राहतो. पांढरा आणि करडा जोडला तर पिल्लं रंगीत निघतात पण पोटात पांढरा घेऊन फिरतात आणि दोन पिढ्यांनी अचानक पांढरं पिल्लू येतं. म्हणून सुरुवातीला एकच रंग धरा.

६. अंडी गोळा करणं

दिवस मोठा व्हायला लागला, म्हणजे संक्रांत झाली की माझ्याकडे माद्या अंड्यावर येतात. फेब्रुवारी-मार्चची अंडी उबवायला सगळ्यात चांगली, एप्रिलच्या उन्हात फलन घटतं आणि अंडं यंत्रात जायच्या आधीच तापतं.

नर बदलला असेल तर निदान तीन आठवडे अंडी उबवायला ठेवू नका, जुन्या नराचं बीज मादीच्या अंगात बरेच दिवस टिकतं आणि मग वहीतला बाप खोटा ठरतो. ती अंडी खाऊन टाका.

अंड्यावर पेन्सिलने लाईन आणि तारीख लिहा, पेनने नको. धुवायचं नाही, तूस कोरडं ठेवलं की अंडी स्वच्छच मिळतात. टोक खाली करून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, १३ ते १६ अंशांच्या जवळपास, रोज थोडं कलतं करायचं आणि ७ दिवसांच्या आत यंत्रात. फ्रीज नको, तो फार गार.

७. उबवणी

मोठ्या बदकांना २८ दिवस लागतात, कॉलला बहुतेक २६. तापमान ३७.५ अंश. आर्द्रता सुरुवातीला ४५ ते ५५ टक्के, २३ व्या दिवसापासून फिरवणं बंद आणि आर्द्रता ६५-७०.

पण आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा अंड्याचं वजन बघा. अंडं फुटायच्या वेळेपर्यंत साधारण १३ टक्के वजन कमी झालं पाहिजे. ५० ग्रॅमचं अंडं असेल तर साडेसहा ग्रॅम घटून साडेत्रेचाळीसला आलं पाहिजे. ७ व्या, १४ व्या, २१ व्या दिवशी काट्यावर ठेवा. कमी घटतंय तर पाण्याची ट्रे काढा, जास्त घटतंय तर पाणी वाढवा. फेब्रुवारीत आपली हवा कोरडी म्हणून पाणी लागतं, पावसाळ्यात तीच सेटिंग ठेवली तर पिल्लू अंड्यात फुगून गुदमरतं. पुस्तकातला आकडा लावून बसणारे इथेच फसतात.

७ व्या दिवशी अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघा. कोळ्यासारखं रक्तवाहिन्यांचं जाळं दिसलं की जिवंत, नुसतं पिवळं स्वच्छ म्हणजे रिकामं, रक्ताचं कडं म्हणजे मेलेलं, ते लगेच काढा नाहीतर सडून फुटतं.

शेवटचे तीन दिवस तीन लाईनची अंडी तीन वेगळ्या जाळीदार टोपल्यांत ठेवा. पिल्लं एकदा मिसळली की कुणाचं कोण ते सांगता येत नाही आणि सगळी वही वाया.

आता कॉलची खरी अडचण. चोच इतकी आखूड असते की काही पिल्लांना कवच फोडता येत नाही, किंवा ती चुकीच्या टोकाला टोचतात जिथे हवा नसते. पिल्लू आधी आतला पडदा फोडून हवेच्या कप्प्यात चोच घालतं, त्यानंतर साधारण एक दिवसाने कवचाला पहिली चीर जाते, आणि चीर गेल्यापासून बाहेर यायला एक ते दोन दिवस लागू शकतात. एवढा वेळ लागतो हे माहीत नसल्याने लोक घाईने कवच सोलतात आणि पिल्लू रक्त जाऊन मरतं. आतमध्ये चोच आली, एक दिवस होऊन गेला आणि बाहेर काहीच नाही, तर हवेच्या कप्प्यावर स्वच्छ सुईने बारीक छिद्र करा, फक्त श्वासापुरतं. पडद्यावर लाल रक्तवाहिन्या दिसतायत तोवर पुढे हात लावायचा नाही.

यंत्र नसेल तर खुडूक गावठी कोंबडी. पाच-सहा अंडी आरामात सांभाळते, तिला २१ दिवसांची सवय असली तरी बहुतेक कोंबड्या पुढेही बसून राहतात. बसवायच्या आधी उवा-पिसवा बघून घ्या.

८. पिल्लांचे पहिले आठवडे

पहिला आठवडा ३२-३३ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. निफाडकडे जानेवारीत पारा ५-६ वर येतो तेव्हा एकच बल्ब पुरत नाही, दोन लावा, एक उडाला तरी दुसरा राहतो. पाण्याच्या भांड्यात गोटे टाका, चोच आणि नाकपुड्या बुडाव्यात पण पिल्लू पडू नये. पोहायला सोडायची घाई नको, आई नसलेल्या पिल्लाच्या पिसांना अजून तेल नसतं, ते भिजून गारठतं.

खाणं: बदकाच्या पिल्लाला नायसिन (एक ब जीवनसत्त्व) कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं. नुसत्या कोंबडीच्या खाद्यावर वाढवलं तर पाय वाकतात. खाद्यात ब्रुअर्स यीस्ट मिसळा. खाद्य घेताना औषध न मिसळलेलं मागा. लेयर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य) पिल्लांना नको, त्यातलं कॅल्शियम मूत्रपिंडाला बाधतं. सुरुवातीला २० टक्के प्रोटीन, तीन आठवड्यांनी १६ वर आणा आणि हिरवा चारा वाढवा, लसूणघास, कोथिंबिरीच्या काड्या, अझोला. जास्त प्रोटीनवर पंख बाहेर वळतात.

येवला-मालेगावकडून स्वस्त मका मिळतो, घ्या, पण बुरशी बघून घ्या. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, बदकाला कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त लागतं, कोंबड्यांना काहीच होत नाही त्या मक्यावर बदकाची पिल्लं पटापट मरतात. वास कुबट आला तर पोतं परत. आणि लासलगावची माणसं कांद्याचा कचरा टाकतात पक्ष्यांना, तो बदकांना देऊ नका, रक्तावर परिणाम होतो.

९. कोण ठेवायचं

सहा महिन्यांनी निवड. वजन, डोकं, चोच, चाल. वाकडी शेपूट, वाकडे पाय, मोठं अंग असलेले पैदाशीतून काढा, अंड्यांसाठी किंवा हौसेसाठी कुणालाही द्या पण 'कॉल' म्हणून विकू नका.

आणि माझं ठाम मत, प्रदर्शनवाल्यांना पटणार नाही तरी सांगते. सगळ्यात आखूड चोचीचा पक्षी निवडत गेलात तर पुढच्या पिढ्या अंड्यातून बाहेरच येणार नाहीत. दोन भावंडांत एक थोड्या लांब चोचीचं पण स्वतः बाहेर आलेलं आणि दुसरं देखणं पण मदतीने काढलेलं असेल तर मी पहिलं ठेवते. वहीतला तो रकाना यासाठीच.

१०. दुसऱ्याला देताना

दरवर्षी प्रत्येक लाईनमधले एक-दोन चांगले पक्षी बाहेर द्या, आपल्याकडेच साठवून ठेवू नका. देताना वेगवेगळ्या लाईनचे नर-मादी द्या, सोबत वहीच्या पानाची झेरॉक्स द्या, रिंग काढू नका. घेणाऱ्याचं गाव आणि दिल्याची तारीख तुमच्याकडे लिहून ठेवा, म्हणजे उद्या तुमची लाईन गेली तर पक्षी कुणाकडे मागायचे ते माहीत असतं. उन्हाळ्यात पाठवायचं झालं तर रात्रीच्या गाडीने, भोकं पाडलेल्या खोक्यात, खाली तूस आणि पाण्याऐवजी काकडीचे तुकडे. पोचल्यावर घेणाऱ्याने ३० दिवस वेगळं ठेवायचं हे त्याला आधीच सांगा.